जुलैत खायचं सफरचंद

"थू! हे सफरचंद आहे की लिंबू?"

मेरिनला हसू आवरेना. बागेच्या फाटकाशी ठेवलेल्या टोपलीतून त्या अनोळखी तरुणानं नेमकं बटाट्यासारखं तपकिरी, खरखरीत सालीचं फळ उचललं होतं… आणि चक्क एप्रिलात चावलं होतं! ह्युऑन खोऱ्यातलं शेंबडं पोरही असं करत नाही.

"एप्रिलात तोडायचं, सुक्या गवतात ठेवायचं, जुलैत खायचं," ती म्हणाली.

"तीन महिने? आणि तोवर?"

"तोवर… धीर धरायचा. नसेल जमत तर दुकानातलं लाल खा."

डेक्लन त्याचं नाव. होबार्ट शहरातून इथं नदीकाठी लाकडी होड्या बांधायला आलेला. दर रविवारी तो 'झालं का सफरचंद?' विचारायला येऊ लागला. झालेलं नसायचंच. मग चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. हे झाड कुणी लावलंच नव्हतं, मेरिननं सांगितलं. पणजोबांनी रस काढून शेडमागे फेकलेल्या चोथ्यातून ते आपसूक उगवलं. बी पेरून ही चव पुन्हा येत नाही, कलमच करावं लागतं; आणि आता या जातीचं हे एकच झाड उरलं होतं. ऐकताना डेक्लन झाडाकडे कमी, तिच्याकडेच जास्त बघायचा. तिला ते कळायचं… आवडायचंही.

जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, बाबांनी सांगून टाकलं, "पुढच्या आठवड्यात ते झाड काढतोय. तिथं चेरी लावायची. कलमासाठी इंचभर जागा मिळणार नाही, सांगून ठेवतो."

रविवारी डेक्लन आला तेव्हा तिचे डोळे रडून सुजले होते. गवतातलं एक फळ तिनं त्याच्या हातात कोंबलं.

"घे. झालं तुझं सफरचंद. आता यायची गरज नाही."

त्यानं घास घेतला. "मेरिन… काय गोड आहे गं!" मग तिच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं?"

तिनं सगळं सांगितलं.

"चाकू आण," तो म्हणाला. "कलमासाठी काड्या कापू. माझ्या शेडमागे जमीन नुसती पडून आहे."

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काड्या दोन महिने फ्रीजमध्ये लोण्याशेजारी राहिल्या. सप्टेंबरात, वसंत लागताच, डेक्लननं त्याच्या शेडमागे लावलेल्या सफरचंदाच्या रोपावर होडीच्या फळीसारखा अचूक तिरका काप घेतला, मेरिननं त्यात काडी बसवून पट्टी आवळली. दोघांची बोटं एकमेकांत अडकली, ती कुणीच सोडवली नाहीत.

"फळ कधी धरेल?"

"चार वर्षांनी."

"चालेल. पण मला आता रविवार पुरत नाही, मेरिन. तू इथंच ये… राहायला. लग्न करून."

तिचे कान तापले. "विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय."

"मग तीन महिने थांब."

त्याचा चेहरा पुन्हा एप्रिलातलं सफरचंद चावल्यासारखा झाला. ते बघून मेरिनला तीन श्वाससुद्धा थांबवेना.

"हो रे वेड्या! हो, हो, हो!"