खात्री अठ्ठ्याण्णव टक्के

दंतमहाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, पडद्यावर नऊ वर्षांच्या ईश्वरीचा चेहरा भराभर मोठा होत होता. दहा, बारा, पंधरा, अठरा. आज तिची हनुवटी चांगली बोटभर पुढे आलेली. पण पडद्यावर ती हळूच मागे सरकली आणि अठराव्या वर्षी एक देखणी पोरगी गालातल्या गालात हसायला लागली. खाली अक्षरं उमटली : 'उपचारांची गरज नाही. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.'

"बघा सर, आपोआप!" डॉ. पल्लवी इनामदार म्हणाली. चेहऱ्याच्या वाढीचं भाकीत करणारं हे 'मुखवेध' यंत्र तिनंच बांधलेलं. विद्यार्थी शिकायचे यंत्रावर, परीक्षा घ्यायचं यंत्र, आणि रोग्याला काय करायचं तेही यंत्रच सांगायचं.

डॉ. मिलिंद ढवळ्यांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. ते बघत होते ईश्वरीच्या आईकडे. तिचीही हनुवटी तशीच, फावड्यासारखी.

"तुम्ही बिरनाळ्यांच्या सुवर्णा का हो?"

"ओळखलंसा व्हय डॉक्टर!" बाई हसल्या. "तीस वर्षांमागं माझ्या तोंडात तारा तुम्हीच घातल्यासा. आणि शेवटच्या फोटोला मला सोडून आमच्या अक्काला घेऊन गेलासा. पेढे दिले होते तिला."

ढवळ्यांनी कान खाजवला. "बाई, जरा बाहेर बसता का?"

दार बंद झाल्यावर पल्लवीनं विचारलं, "अक्काला कशाला?"

आता सांगणं भाग होतं. विद्यार्थीदशेत ढवळे म्हणजे वर्गातले पहिल्या नंबरचे टवाळ. परीक्षेला पाच रोगी दाखवायचे असत, आधीचा एक्स-रे आणि पाच वर्षांनंतरचा. सुवर्णाचा जबडा सोळाव्या वर्षापर्यंत थांबायचं नाव घेईना. मग ह्यांनी तिच्या सरळ जबड्याच्या बहिणीचा एक्स-रे काढून सुवर्णाच्या नावानं लावला. नाकडोळे तेच. परीक्षक खूश! ढवळ्यांनी तो किस्सा मेसमध्ये रंगवून सांगितला आणि पुढच्या वर्षापासून अख्खं हॉस्टेल भावंडं आणायला लागलं. मुखवेध येईपर्यंत हा प्रकार बिनबोभाट चालला.

"आणि त्याच नोंदींवर मी मुखवेधला शिकवलं," पल्लवी पुटपुटली. "सर, साध्या रोग्यांचीही भावंडं आणायचात?"

"छे! ते जसे निघतील तसे दाखवायचे. जो जबडा पार हाताबाहेर जायचा, त्याचंच भावंड."

पल्लवी पडद्याकडे वळली. "म्हणजे यंत्रानं काय पाहिलं? हनुवटी थोडी पुढे असेल, तर कधी सुधारते, कधी बिघडते. फार पुढे असेल, तर हमखास सरळ होते. जितकी वाईट..."

"...तितकी खात्री."

ढवळ्यांनी माउस घेऊन एक्स-रेमधली हनुवटी आणखी पुढे ओढली. नव्व्याण्णव टक्के. आणखी ओढली. शंभर. "आता पोरीला घोड्याचं तोंड लावलं, तर यंत्र बक्षीस देईल," ते म्हणाले. हसू मात्र आलं नाही.

"खोट्या नोंदी कुठल्या ते सांगा, आत्ता काढते."

"माझी एक. बाकीच्या बाकीच्यांना ठाऊक."

दोघांनी तीन दिवस फोन केले. आज कोणी अधिष्ठाता, कोणी विभागप्रमुख. "आम्ही? काहीतरीच काय, मिल्या!" म्हणून प्रत्येकानं फोन ठेवला. सुवर्णाची एकटीची नोंद काढली. खात्री अठ्ठ्याण्णवची अठ्ठ्याण्णव राहिली.

आणि वेळ नव्हता. वरचा जबडा पुढे ओढायला कपाळ-हनुवटीवर टेकणारा सांगाडा लावतात, तो दहा वर्षांच्या आतच कामाला येतो. मग अठराव्या वर्षी जबडा कापण्याशिवाय उपाय नाही. सांगाडा छापणारं यंत्र मुखवेधच्या शिक्क्याशिवाय हलत नव्हतं. शिक्का यायचा विद्यापीठाच्या संगणकातून. तिथे पल्लवीचीही डाळ शिजेना.

"मला लोक हनुवटीवरनं काय काय बोलले, ते पोरीला नको," सुवर्णाबाई म्हणाल्या. "काहीतरी करा."

ढवळ्यांनी पुन्हा कान खाजवला. मग नको तोच प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला. "अक्काला मुलगी आहे का?"

होती. ईश्वरीच्याच वयाची. दात जरा वाकडे, हनुवटी किंचित पुढे. तिचा एक्स-रे तिच्याच नावानं दाखवताच मुखवेध घाबरलं : 'बिघडण्याचा धोका. तातडीनं सांगाडा.' शिक्का पडला. सांगाडा भाचीच्या नावावर छापून आला. कॉलेजात हातानं तार वाकवता येणारे ढवळे शेवटचेच. त्यांनी पक्कड घेऊन तो ईश्वरीच्या तोंडाला बसवला. दोन वर्षं रोज रात्री पोरीनं तो निमूटपणे घातला.

आणि हनुवटी जागेवर आली.

नियमाप्रमाणे मुखवेधनं ईश्वरीला तपासणीला बोलावलं. एक्स-रे काढला, जुन्या नोंदीशी ताडून पाहिला. 'तीव्र दोष. उपचार नाहीत. आपोआप सुधारणा.' तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या रकान्यात भावंड नव्हतं, खरीखुरी तीच पोरगी होती. एक्स-रेतलं हाडन्‌हाड जुळलं, म्हणूनच ही नोंद साऱ्यांत वजनदार ठरली. पुढच्या सोमवारी मुखवेधनं तिचा धडा करून वर्गात लावला.

"हनुवटी फार पुढे. काय करायचं?" यंत्रानं विचारलं.

"घरी पाठवायचं!" साठ पोरं एका सुरात ओरडली. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर पल्लवीनं ढवळ्यांकडे पाहिलं. ढवळ्यांनीही टाळ्या वाजवल्या. खरं सांगितलं असतं, तर यंत्र चुकलं हे नव्हे, ढवळ्यांनी एकीच्या नावाचा सांगाडा दुसरीला बसवला हेच सिद्ध झालं असतं.

ते बाहेर आले. बाकावर तीन आया बसलेल्या, मांडीशी फावड्यासारख्या हनुवटीची तीन पोरं, हातात मुखवेधच्या चिठ्ठ्या : 'घरी जा. खात्री नव्व्याण्णव टक्के.'

आया खुशीत होत्या. ढवळे पहिलीपाशी वाकले. तिचं पोरही असंच चोरून बरं केलं की यंत्राची खात्री आणखी वाढणार, आणि पुढच्या पोराला घरी जा म्हणून आणखी ठासून सांगणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बाई," त्यांनी हळूच विचारलं, "ह्याला भावंडं किती?"