भिंगरी उंबराखाली का थांबते?

मोरघळहून तालुक्याला जाणारी बस रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी एका उंबराखाली थांबायची. दार उघडायचं. कोणी चढायचं नाही, कोणी उतरायचं नाही. चाळीस सेकंदांनी दार बंद व्हायचं आणि बस पुढे निघायची. तिथे थांबा नव्हता, घर नव्हतं, साधी चहाची टपरीसुद्धा नव्हती.

ड्रायव्हर असता तर त्याला विचारता आलं असतं. पण ही बस स्वतःच स्वतःला चालवायची! घाटातली वळणं ती अशी झोकात घ्यायची, की गावानं तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं.

सहावीतली कस्तुरी भिंगरीतूनच शाळेला जायची. तिची आई, अर्चनाताई, याच बसची कंडक्टर होती. म्हणजे निदान शनिवारपर्यंत तरी होती. कारण तिकिटं आता दारातला कॅमेरा द्यायचा, माणसं भिंगरी मोजायची, दारही तीच लावायची. गाड्या तपासणाऱ्या फडतरे मॅडम शनिवारी अहवाल देणार होत्या, की भिंगरीत कंडक्टर हवा की नको. त्या विचारानं आईला दोन घास जात नव्हते, आणि आईला जात नव्हते म्हणून कस्तुरीलाही.

या मॅडमना उंबरानं अगदी जेरीस आणलं होतं. त्यांनी ब्रेक तपासले, नकाशा तपासला. फांद्यांवर माकडं आहेत का, तेही बघून झालं.

"कारण सापडलं नाही तर हिचं सगळं शिक्षण पुसून पाटी कोरी करावी लागेल," त्या म्हणाल्या. "अर्चनाताई, तुम्हाला काही ठाऊक आहे?"

एरवी घाटभर बोलणारी आई मिठाची गुळणी धरून बसली. कस्तुरीला ते खटकलं.

शुक्रवारी ती मुद्दाम पुढच्या सीटवर, मॅडमच्या शेजारी बसली आणि तिनं थेट बसलाच विचारलं, "भिंगरी, तू उंबराखाली का थांबतेस?"

"तिथे थांबायचं असतं," भिंगरी गोड आवाजात म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. मी शिकले."

"म्हणजे काय हो?" कस्तुरीनं मॅडमकडे बघितलं.

"हिला आम्ही नियम पाठ करायला दिलेले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "हिचं यंत्रशिक्षण झालंय (म्हणजे ढीगभर उदाहरणं बघून यंत्रानं आपली आपण रीत शोधणं). तुला धाकटा भाऊ आहे ना? त्याला गाय ओळखायला कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही. आम्ही नुसतं ही बघ गाय, ती बघ गाय म्हणायचो. मग एकदा तो कुलकर्ण्यांच्या म्हशीला गाय म्हणाला!"

"भिंगरीचंही तसंच. मागच्या हिवाळ्यात ड्रायव्हर तात्या ही गाडी हातानं चालवायचे आणि तुझी आई दोरी ओढून घंटी द्यायची. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. भिंगरी तीन महिने हे बघत होती. त्या सगळ्या नोंदी म्हणजे हिची विदा (यंत्र जिच्यातून शिकतं ती माहिती)."

कस्तुरी विचारात पडली. मग भिंगरीनं म्हशीला गाय म्हटलेलं नसणार. तिनं उंबराखाली खरंच घंटी ऐकली असणार. आणि घंटीची दोरी कोणाच्या हातात होती?

ती उठली आणि मागच्या सीटवर आईजवळ गेली. "आई, ती घंटी तूच द्यायचीस ना?"

"हळू बोल गं!" आई कुजबुजली. "थांबा नसताना गाडी थांबवायची नसते. उद्या अहवाल आहे, कळलं तर आजच घरी बसवतील."

"पण का थांबवायचीस?"

आईनं सुस्कारा सोडला. "पलीकडच्या वस्तीवरचे धोंडीबा शेळके यायचे डबा घेऊन. त्यांची पोरगी तालुक्याला होस्टेलवर राहून बारावी करत होती. तिथलं जेवण तिला मानवायचं नाही. बाप तास-तास चालत यायचा बिचारा. मी डबा घ्यायची, पोरगी स्टँडवर येऊन न्यायची. आता परीक्षा संपली, पोरगी घरी गेली. ही येडी अजून थांबतेय."

"येडी नाही गं ती," कस्तुरी म्हणाली. "तिला घंटी कळली, पण घंटी का दिली ते कळलंच नाही. आणि तू सांगितलं नाहीस तर तिची पाटी कोरी करणार आहेत."

आईनं पदर खोचला. मग ती तरातरा पुढे गेली. "मॅडम, चूक गाडीची नाही, माझी आहे." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी पिशवीतून एक कागद काढला. "ही माझी कंडक्टरच्या कामांची यादी. तिकीट, मोजणी, दार, घंटी. चारही भिंगरीला येतात. पण डबा यात कुठेच नाही! आणखी काय काय करता तुम्ही?"

"छे हो, काही नाही," आई म्हणाली.

"काही नाही कसं?" मागून एक आजोबा ओरडले. "मला चक्कर आली तर दवाखान्यात कोणी नेलं?"

"शाळेच्या पोरांची भांडणं कोण सोडवतं?"

"आमची मुकी आत्या कुठे उतरणार ते हिलाच कळतं!"

बसमध्ये एकच गलका झाला. मॅडमचा कागद भरला, त्याची मागची बाजूही भरली.

"बघ कस्तुरी," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "नोकरी म्हणजे एक काम नसतं, कामांची मोळी असते. यंत्र त्यातली काही लाकडं उचलतं. काही माणसाकडे राहतात, काही नवीनच येऊन पडतात."

"म्हणजे सगळ्यांचंच चांगलं होणार?"

"तसं खोटं नाही सांगणार. काही मोळ्या पार सुटतात. त्या माणसांना नवं शिकायला वेळ द्यावा लागतो, मदत द्यावी लागते. तात्याच बघ ना! आता डेपोत बसून पडद्यावर सहा गाड्यांवर नजर ठेवतात. शिकायला चार महिने लागले, आणि घाटातला वारा नाही म्हणून अजून कुरकुरतात!"

शनिवारी अहवाल आला. भिंगरीत माणूस हवाच, असं त्यात लिहिलं होतं. काम मात्र नवं होतं. प्रवाशांकडे बघायचं आणि प्रत्येक घंटीमागचं कारण गाडीला समजावून द्यायचं.

"दहावीला गणितात पस्तीस मिळवलेली मी," आई हसून हसून बेजार झाली, "आणि आता यंत्राची मास्तरीण!" त्या दिवशी घरात श्रीखंड झालं आणि कस्तुरीनं तीन वाट्या खाल्ल्या.

भिंगरीची पाटी कोरी झाली नाही. आईनं तिला डब्याची गोष्ट सांगितली आणि ती उंबराखाली उगाच थांबेनाशी झाली.

जूनमध्ये शाळा उघडल्या. एका सकाळी उंबराखाली एक बाई उभी होती. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. हात करावा की करू नये, अशी ती घुटमळत होती. आईनं दोरी ओढली. टिंग!

"ताई, इथे थांबा नाही. कारण सांगाल?" भिंगरीनं विचारलं.

"डबा आहे गं. होस्टेलला नवीन पोर आलेलं दिसतंय," आई म्हणाली.

दार उघडलं. बाईनं डबा आईच्या हातात दिला आणि डोळे पुसले. कस्तुरीनं दोरी धरली आणि दोन घंट्या दिल्या. टिंग टिंग!

पण भिंगरी लगेच हलली नाही.

"ताई," ती म्हणाली, "आमटी आहे का त्यात? मग पुढचं वळण मी हळू घेते."