गार हातांची पारी

आटाचक्कीवर कोणी ऊब घ्यायला जात नाही. अंजना जायची.

भरवेली या खाणीच्या गावातल्या चक्कीतून ताजं पीठ डब्यात पडलं की ते चांगलं गरम असायचं. डिसेंबरची सकाळ असली म्हणून काय झालं, अंजनाचे हात तर बाराही महिने गार. चक्कीवाल्याची पाठ वळली की ती बाह्या सरसावायची, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात खुपसायची आणि डोळे मिटून घ्यायची. त्या घटकेला तिला कोणी पाहत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नसायचं.

"पीठ न्याले आली, का शेकोटी न्याले?"

तिनं दचकून डोळे उघडले. समोर सायकल धरून एक उंच पोरगा उभा होता. गळ्यात मफलर, कॅरिअरवर गव्हाची थैली, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

"पीठ घरचं हाय," अंजना म्हणाली. "हातबी घरचेच हाय. तुमचं काय गेलं?"

"माह्यं काही नाही गेलं. पिठाले मात्र थंडी वाजली असन…"

ती फणकाऱ्यानं डबा उचलायला वाकली. त्यानंही मदतीला हात लावला, आणि डब्याखाली दोघांची बोटं एकमेकांवर आली. त्यानं हात मागे घेतला… आणि मग, काय वाटलं कोणास ठाऊक, पुन्हा तिथंच ठेवला.

"बाप्पा. हे हात हाय का माठातलं पाणी?"

असं बोलणं अंजनाला नवं नव्हतं. नवं होतं ते त्याचं पाहणं. लोक हसून मोकळे व्हायचे. हा हसायचं विसरून तिच्या हातांकडे पाहत राहिला होता.

"काहून असे पाहता?"

"पाहून राह्यलो…" तो म्हणाला, आणि गळ्यातला मफलर सारखा केला. "मी भोजराज. खाणीच्या रेस्ट हाउसात स्वयंपाक करतो. शेवंताबाईचा पोरगा."

अंजनानं डबा कमरेवर घेतला. इतक्या लोकांमधून हा नेमका शेवंताबाईचा पोरगा निघावा?

बालाघाटपासून पार गोंदियापर्यंत समाजातलं लग्न म्हटलं की लांब रोटीला बोलावणं शेवंताबाईला जायचं. लांब रोटी म्हणजे काही साधी पोळी नव्हे. कपड्यातून चाळलेलं पीठ पाणी घालघालून सैल मळायचं, परातीत आपटून आपटून त्याला तार आणायची, मग तो गोळा हातावर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अलगद सोडायचा. इतकी पातळ, की पलीकडचा जाळ दिसावा. मुलगी पाहायला पाहुणे आले की दुसरीकडे नाव विचारतात, चालून दाखव म्हणतात. इथं मुलीला मडक्यापुढे बसवत. एक रोटी घातली की पसंती पक्की.

अंजनाची रोटी फाटायची. दरवेळी, न चुकता. गार हाताखाली कणीक अंग चोरायची, तिला तार म्हणून सुटायचीच नाही. लांजीचे पाहुणे त्यापायी परत गेले, रामपायलीचे परत गेले. एक म्हातारी तर जाता जाता म्हणून गेली, "हात गार, तिचा संसार गार." ते वाक्य अंजनाच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. तिसऱ्यांदा मडक्यापुढे बसायचं तिनं मनातल्या मनात सोडून दिलं होतं.

आणि तरी, चक्कीवरून घरी जाताना, सायकलची घंटी मागून दोनदा वाजली तेव्हा ती दोनदा वळली…

अंजनाची आई जिजाबाई महिन्याभरापासून त्याच रेस्ट हाउसात भांडी घासायची, तांदूळ निवडायची. दोन दिवसांनी अंजना तिच्यासोबत मदतीला गेली. का गेली, ते जिजाबाईनं विचारलं नाही. आयांना काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत.

स्वयंपाकघरात भोजराज घामाघूम. परातीत मैद्याचा गोळा, आणि तो त्याला धोब्यासारखा आपटतोय.

"काय करून राह्यले?"

"पाई," तो म्हणाला. "विलायती पक्वान्न हाय. लोण्याची पारी लाटायची, आत फळं भरायची, वरून दुसरी पारी झाकायची अन् भट्टीत भाजायची. आपल्या करंजीची मोठी बहीण समज. विलायतचा एक बुढा साहेब खाण पाहाले येऊन राह्यला. त्यानं चिठ्ठीत लिहून पाठवलं, पाई पाह्यजे. अन् माही पारी…" त्यानं कालचा तुकडा पुढे केला.

अंजनानं तो टेबलावर वाजवून पाहिला. खट्‌ आवाज आला.

"चप्पल शिवता येईन याची," ती म्हणाली.

"कुत्रंबी हुंगून चाल्लं गेलं," जिजाबाईनं कोपऱ्यातून भर घातली.

"मैदाच खराब हाय," भोजराज पुटपुटला.

"नाचता येईना, अंगण वाकडं." अंजना जवळ आली. "पण मैद्याले एवढं मारता काहून?"

"आपटल्याबिगर कणीक ऐकते का? माह्या मायनं हेच शिकवलं."

"ते लांब रोटीचं. ही का लांब रोटी होय? तुमाले कोणी शिकवली ही?"

"फकिराबुवानं. माह्या आधीचे खानसामे. एकडाव करून दाखवली अन् लांजीले निघून गेले. म्हणत, 'हाथ ठंडा रखना बेटा, और छेड़ना कम।' मी पाण्यात हात बुडवून पाह्यले, पण माहे हात म्हणजे जाळ. लोणी हात लागला का वितळते…"

बोलता बोलता तो थांबला. त्याची नजर अंजनाच्या हातांवर गेली आणि तिथून हलेना.

"अंजना… जरासा हात लावतं का याले?"

तिनं आईकडे पाहिलं. आई तांदळातले खडे फारच मन लावून वेचत होती.

नवा मैदा घेतला. चिमूटभर मीठ घातलं. लोणी पहाटेपासून ओल्या फडक्यात, माठाला लावून ठेवलेलं. त्याचे बारीक खडे मैद्यात टाकले. "बोटाच्या टोकानं चोळ," भोजराज म्हणाला, "रव्यासारखं होऊ दे. मळू नोको." अंजना चोळू लागली. तिच्या बोटांत लोणी वितळलं नाही, चिकटलं नाही. कण कण सुटा राहिला, मैद्यात गुंडाळला गेला. चार चमचे थंड पाणी घालून तिनं सगळं नुसतं गोळा केलं. आपटायचं नाही, ताणायचं नाही, तार आणायची नाही. जन्मभर जे जमत नाही म्हणून तिनं बोलणी खाल्ली, ते इथं करायचंच नव्हतं.

भोजराज श्वास रोखून पाहत होता. पारीकडे की तिच्याकडे, ते सांगणं अवघड.

"आता मी लाटतो," म्हणून त्यानं हात पुढे केला, तशी ती म्हणाली, "दूर. हात लावू नका. गरम हात लागला का काम बिघडन."

"गोळ्याले नाही लावत."

"मलेबी नाही."

तो दोन पावलं मागे सरला.

तिनंच पारी लाटली, आत पेरू भरले. इकडं त्यांना बिही म्हणतात. गूळ घालून शिजवली की वासानं घर भरतं. वरून दुसरी पारी झाकली आणि भट्टीचं दार लागलं. मग वाट पाहणं. बाहेर मॅंगनीजचे ट्रक घरघरत गेले, जिजाबाईचे तांदूळ निवडून झाले आणि ती तेच पुन्हा निवडायला लागली.

भोजराजनं पाई बाहेर काढली तेव्हा ती फुगून सोनेरी झाली होती. त्यानं सुरी टेकवली. कुर्रर्र… असा बारीकसा आवाज झाला आणि पारी उघडली. आत पापुद्रे होते. एकावर एक, मोजता येऊ नयेत इतके, आणि प्रत्येकाच्या मधून वाफ निघत होती. हे पदर कोणी घातले? तिनं तर नुसतं लोणी चोळलं होतं. अंजना टेबलावर ओणवी झाली. जिजाबाई तांदूळ तसेच टाकून जवळ आली.

"हे… हे म्या केलं?" अंजनानं आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. एकोणीस वर्षं जवळ असलेले हात तिला आज पहिल्यांदा दिसत होते. डोळे भरून आले, आणि ते तिनं लपवलेही नाहीत.

"चार वर्षं झाले मले या भट्टीपुढं," भोजराज हळूच म्हणाला. "असं कधी पाह्यलं नोतं. ना पारी, ना…"

"ना काय?"

"काही नाही. खाऊन पाह्य."

साहेब आला, पाई खाऊन गेला, जाताना भोजराजला शाबासकी देऊन गेला. पण रेस्ट हाउसात पाहुण्यांची ये-जा सुरूच होती आणि अंजनाचं येणंही. ती पारी करायची, तो पेरू चिरायचा. गोळा ओल्या फडक्यात विसावायचा तेवढा वेळ दोघं मागच्या पायरीवर बसायचे, मधे एक हात जागा सोडून.

"एकडाव हात पाहू दे ना," तो म्हणायचा.

"नाही. पारी बिघडन."

"आज पारी नाही. आज खीर हाय."

"मंग खीर बिघडन."

फेब्रुवारीत एक दिवस तो पायरीवर बसलाच नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "माय आयतवारी तुमच्या घरी येऊन राह्यली. मुलगी पाहाले."

अंजनाला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, एक क्षणभर. मग तिच्या पाचावर धारण बसली.

"तुमच्या मायनं मले मडक्यापुढं बसवलं त…"

"बसवनच. नियम तिचाच हाय."

"माही रोटी फाटते. दोनदा फाटली. दोन्ही डाव पाहुणे परत गेले." तिनं दोन्ही हात काखेत दडवले. "लांजीचे गेले त मी एक दिस रडली. तुम्ही गेले त… मले नाही माहीत."

भोजराज त्या मधल्या एका हाताच्या जागेत येऊन बसला.

रविवारी शेवंताबाई भोजराजला घेऊन आली. जयभीम झाला, पाणी झालं, चहा झाला. ठेंगणी, ताठ बाई. नजर अशी की कणकेतला खडा लांबून दिसावा. चूल पेटलेली होती, मडकं तापलेलं होतं. "बस व माय," ती म्हणाली. "एकच घाल."

अंजनानं कणीक आपटली. हात दुखेपर्यंत आपटली. गोळा हातावर घेतला, झुलवला. रोटी मनगटापर्यंत आली, थोडी पुढे सरकली… आणि मधोमध फाटली. अर्धी मडक्यावर, अर्धी राखेत.

अंजना राखेकडे पाहत बसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, तिच्या मनात आलं.

इतक्यात शेजारी कोणी हात धुतल्याचा आवाज झाला. भोजराज बाह्या वर करून तिच्या बाजूला येऊन बसला. "सरक जराशी," तो म्हणाला. त्यानं परात ओढली, कणीक उचलून आपटली, पुन्हा उचलली, आणि थोड्याच वेळात तिला तार सुटली. गोळा त्याच्या तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर ओघळत गेला, पातळ होत गेला. त्या रोटीतून अंजनाला पलीकडचा जाळ दिसला, आणि जाळाच्या उजेडात त्याचा चेहरा. मग रोटी मडक्यावर उतरली. एक सुरकुती नाही.

अंजना आपलं रडू विसरून बघत राहिली. आपली पाई पाहून याला काय वाटलं असेल, ते तिला आत्ता कळलं.

"काय गा," शेवंताबाई म्हणाली, "बायकोच्या जागी तू बसशीन का मडक्यापुढं?"

"बसन. तूनंच शिकवलं मले. माहे हात गरम हाय, रोटी मी घालन."

"अन् हिचे हात मंग काय कामाचे?"

"पाहून त घे, माय."

शेवंताबाईनं दोन्ही हात पुढे केले. तेव्हा अंजनाला तिची मनगटं दिसली. चाळीस वर्षांच्या जाळानं काळी पडलेली, चकाकती, मधेमधे लाल. लोकांच्या पंगती उठत होत्या तेव्हा ही बाई त्या मनगटांना काय लावत असेल? अंजनानं पुढचा विचार केला नाही. तिनं आपले दोन्ही तळवे त्या मनगटांवर ठेवले.

शेवंताबाईचे डोळे आपोआप मिटले. गरम पिठात हात घालून अंजनाचे मिटायचे, तसेच. चूल धडधडत होती, मडक्यावरची रोटी करपायला लागली होती, आणि रोटीचा तो वास पहिल्यांदाच शेवंताबाईच्या ध्यानात आला नाही.

"असाच राहू दे व," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूनंबी लाव." मग डोळे न उघडताच जिजाबाईला म्हणाली, "जिजाबाई, पोट्टी माही झाली. रोटी तो घालन."

जिजाबाईचा जीव भांड्यात पडला आणि ती गूळ आणायला आत पळाली.

पाहुणे निघाले तेव्हा भोजराज अंगणात मागे रेंगाळला. "आता त पाहू दे," तो म्हणाला. अंजनानं इकडं तिकडं पाहिलं आणि हात पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला. किती वेळ, ते दोघांनीही पाहिलं नाही. शेवंताबाईनं फाटकातून दोनदा हाक मारली.

"सोडा ना," अंजना म्हणाली. "गरम होऊन राह्यला. उद्या पारी कशी होईन?"

"उद्या पाहुण्याले खीर देऊ," तो म्हणाला. हात त्यानं सोडला नाही, आणि तिनंही ओढून घेतला नाही.