मधल्या दोरीवरचा निरोप

“तुमच्या दोघांत साहेब कोण? आई की बाबा?”

विचारून दाखव, अशी मैत्रिणींची पैज होती, आणि तोफेनं (शाळेत तिला हेच नाव होतं!) ती हिमनदीच्या पायथ्याशीच जिंकली. उत्तर मात्र मिळालं नाही. तुकडीप्रमुख आई बुटांचे काटे आवळत राहिली. मोजणीचं काम बघणारे बाबा म्हणाले, “तोफे, साहेबांना सांग, ऊन चढायच्या आत निघायला हवं.”

साहेब अवघ्या चार हातांच्या अंतरावर होत्या!

मागच्या मोहिमेतली बाबांची मोजणी आईनं चुकीची ठरवून अहवालातून उडवली होती. तेव्हापासून कामावर दोघांतून विस्तव जात नव्हता. आता वरच्या खिंडीत बर्फाची जाडी मोजायचा खांब रोवायचा होता. दोरीला पुढे आई, मागे बाबा, मधे तोफ आणि तिच्या तोंडून निरोप. भांडण नको म्हणून ती प्रत्येक निरोप साखरेत घोळवायची. “डोळे फुटलेत का म्हणावं!” याचं ती “बाबा म्हणतात, जरा जपून” करायची, आणि स्वतःच्या हुशारीवर भलतीच खूश असायची.

खिंडीखाली समोरून वारा सुटला. बाबांची आरोळी जेमतेम तोफेपर्यंत पोचली. “थांबव तिला! पुढे बर्फ पोकळ आहे!”

तोफेनं सवयीनं हाक दिली, “आई, बाबा म्हणतात, थोडं थांबूया का?”

“दमले असतील तर बसा म्हणावं!” आईनं पाऊल टाकलं.

कर्रर्र! आई गायब! दोरीला हिसका बसला. तोफ आपटली. घसरली. बर्फाची कुऱ्हाड रोवली. मागे बाबा दोरी आवळून बर्फात आडवे, तिथूनच ओरडले, “धर! सोडू नकोस! ओढ!”

पाऊण तासानं आई भेगेतून वर आली. मनगट मोडलं होतं. तिच्या पाठीवरचा खांब भेगेच्या तळाला गेला होता. मोहीम तिथेच संपली.

तंबूत बाबांनी आईच्या मनगटाला फळी बांधली. आता तरी बोलतील, असं तोफेला वाटलं.

“तिला विचार, सांगितल्यावर थांबली का नाही?”

“त्यांना सांग, ते सांगत नव्हते, विचारत होते.”

तोफेचं तोंड कडू झालं. “बाबांनी सांगितलंच होतं, आई. बर्फ पोकळ आहे म्हणाले होते. ते मी गिळलं.”

मग आई तंबूच्या कापडाकडे बघत म्हणाली, “बरं. मग त्यांना म्हणावं...”

“नाही म्हणणार! उद्या उतरताना मी पुढे. माझ्यामागे तुम्ही दोघं, लागोपाठ. हाका तुमच्या तुम्ही मारायच्या. मी मधे चालणार नाही!”