खेळ संपला म्हणणारा माणूस

माझ्या सख्ख्या ताईनं मला शत्रूचा हेर ठरवून कोठडीत टाकलं. ते जाऊ दे. तसं काही झालंच नाही असं धरून चालू आणि शनिवारच्या सकाळपासून सुरुवात करू, कारण शनिवारी सकाळी मी फक्त पडद्यांना इस्त्री करत होतो.

पडदे म्हणजे अंगरखे. आमच्या मंडळींचा छंद असा, की अधूनमधून एखादी रिकामी जागा दोन दिवस भाड्यानं घ्यायची, जुने पडदे अंगावर चढवायचे आणि आपण कुणीतरी भलतेच आहोत असं समजून शनिवार-रविवार जगायचं. नाटकच ते, फक्त संवाद पाठ नसतात आणि प्रेक्षक नसतात, त्यामुळे मध्येच कुणी उठून जाऊ शकत नाही. तलवारी स्पंजच्या, वरून चंदेरी चिकटपट्टी. गोष्ट लिहितो आणि खेळ चालवतो तो सूत्रधार. या वेळी सूत्रधार मी होतो, कारण बाकीच्यांना कामं होती.

जागा म्हणजे बंद पडलेली तंत्रशाळा. भोवती उंच भिंत, एकच लोखंडी फाटक, आत लांबलचक वर्कशॉप आणि त्यात जमिनीला बोल्टांनी जखडलेली लेथ मशिनं. तेलाचा वास अजून टिकून होता. भिंतीवर सुरक्षिततेच्या सूचना रंगवलेल्या होत्या. त्यातली 'सैल कपडे घालू नयेत' ही सूचना आम्ही सगळ्यांनी पडद्यांत उभं राहून वाचली.

ताई पहिल्यांदाच आली होती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते आणि आठवडाभर लोकांना सुया टोचून त्यांच्यापेक्षा जास्त दमते. ऐन वेळी आमच्यातला विमा विकणारा गळला, म्हणून मी तिला गळ घातली. भाचीला शेजारच्या काकूंकडे ठेवावं लागणार होतं. भाची पहिलीत आहे आणि वकिलासारखी बोलते. रविवारी दिवे लागायच्या आत आईला घरी आणीन, असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलं. मी म्हटलं, नाही आणली तर माझे कान धर. ती म्हणाली, कान नकोत, आई आण.

गोष्ट साधी होती. शहराला वेढा पडलाय, आत अन्न संपत आलंय. वेढा घालणारं सैन्य मी लिहिलंच नव्हतं, तेवढी माणसं आणणार कुठून. सैन्य बाहेर आहे असं सगळ्यांनी समजायचं होतं. आणि रविवारी एक हेर उठणार होता. तो प्रत्येकाला कुठल्यातरी परक्या नावानं हाक मारणार, आणि म्हणणार, खेळ संपला, घरी चला. जो विश्वास ठेवेल त्याच्यामुळे शहर पडणार. ही कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःला दुसरा कप चहा करून दिला होता.

हेर होणार होता तो विमावाला. तो गळल्यावर मी हेराची भूमिका काढून टाकली. 'खेळ संपला' म्हणेल तो हेर, हा नियम काढायला विसरलो. शनिवारी सगळ्यांना जमवून नियम वाचले त्यात तोही वाचला, आणि वर आवाज खोल करून वाचला.

बाकी सगळं रीतसर होतं. कुणाला खरंच लागलं किंवा भीती वाटली, तर लहानपणी करायचो तसं मुठीवर ओठ टेकून 'टाइमप्लीज' म्हणायचं, की खेळ जागच्या जागी थांबणार. दातांचा डॉक्टर राजा झाला, कारण त्याच्यासमोर तोंड उघडायला लोक तसेही घाबरतात. भूमितीच्या बाई प्रधान झाल्या. ताईला मी फाटकावर पहाऱ्याला बसवलं. तिथे बोलावं लागत नाही आणि खुर्चीत डुलकी काढता येते.

शनिवारी तिनं डुलकी काढली. डॉक्टरनं राजा म्हणून एक लांबलचक भाषण केलं आणि शेवटी सवयीनं सगळ्यांना चूळ भरायला सांगितली. आम्ही पोट धरून हसलो. संध्याकाळी प्रधानबाईंनी नळ बंद करून पाणी मापानं वाटायला घेतलं. हे मी लिहिलं नव्हतं. पण लोक भूमिकेत शिरले की सूत्रधाराला बरं वाटतं, आणि मला बरं वाटलं.

रविवारी सकाळी कुणी चहा मागितला नाही. मला खटकलं ते आधी हे.

मग डॉक्टर दिसला. डोळ्यांवर चष्मा नव्हता. तो भिंतीवरच्या सूचनांसमोर उभा होता आणि शेजारच्याला विचारत होता, की ही लिपी कुठल्या लोकांची. मी हसलो. तो वळून माझ्याकडे बघत राहिला, दात तपासताना बघतात तसा, आत कुठे कीड आहे ते शोधत.

फाटकाला आतून लेथ मशिनं लावून ठेवली होती. एकावर एक. वर्कशॉपच्या फरशीत बोल्टांची भोकं उघडी पडली होती. ती मशिनं हलवायची तर क्रेन लागते. मी विचारलं, हे कुणी केलं. प्रधानबाई म्हणाल्या, आपण केलं. त्यांच्या तळहातांची सालटी निघाली होती.

ताई मशिनांशेजारी उभी होती. पाय सुजले होते, खुर्ची आडवी पडली होती. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, की ताई, पुरे आता, बॅग भर, आपण लवकर निघू. तिनं वासावरून दूध नासलंय का बघतात तसं नाक माझ्याजवळ आणलं आणि मागे घेतलं.

दुपारपर्यंत थांबायचं नाही, असं मी ठरवलं. वर्कशॉपमधल्या ओट्यावर चढलो, टाळ्या वाजवल्या आणि मोठ्यानं जाहीर केलं.

"खेळ संपला. घरी चला."

म्हणून झाल्यावर मला ते ऐकू आलं.

कुणी हललं नाही. प्रधानबाईंनी मान डोलावली, सिद्धता पूर्ण झाल्यावर फळ्यावर खाली रेघ मारतात त्या समाधानानं. मी घाईघाईनं सांगू लागलो, की हा नियम चुकून राहिला, हेर आलाच नाहीये, त्याला विमा विकायला जायचं होतं. शब्दाशब्दाला माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. मग मी एकेकाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली. याहून वाईट मला काही सुचलं नसतं. प्रत्येक नावागणिक तो माणूस एक पाऊल पुढे येत गेला.

मी मुठीवर ओठ टेकले आणि टाइमप्लीज म्हटलं.

डॉक्टरनं विचारलं, हा कुणाला खूण करतोय. आणि स्पंजची तलवार माझ्या हातावर मारली. चिकटपट्टीचं टोक सुटून लोंबत होतं, मी ते नीट पाहिलं. हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला. रक्त बघून माझी नजर ताईकडे गेली. रक्त दिसलं की तिचे हात आपोआप पुढे येतात, दुसऱ्याच्या लग्नातसुद्धा.

तिचे हात कमरेवर होते.

मी तिला भाचीबद्दल सांगितलं. तिचं नाव घेतलं. ती वाट बघतेय म्हटलं.

पहिल्यांदा ताईचा चेहरा हलला. मला वाटलं, आली परत.

"माझ्या मुलीचं नाव याला कुणी सांगितलं?" तिनं प्रधानबाईंना विचारलं. आवाज बारीक झाला होता. "घर शोधलं यांनी माझं."

मी चांगल्या हातानं काकूंचा नंबर लावला आणि फोन तिच्याकडे केला. म्हटलं, तूच बोल तिच्याशी. तिनं फोन घेतला. बरोबर कानाला लावला. सगळे गप्प झाल्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू येत होतं.

"आई, इथूनपण धूळ दिसतेय."

"कडी लाव," ताई म्हणाली. "आणि मामा म्हणून कुणी आला तर उघडू नकोस."

फोन तिनं पाण्याच्या पिंपात सोडला.

कोठडी म्हणजे हत्यारांची खोली. भिंतीवर पान्यांचे आणि हातोड्यांचे आकार रंगवलेत, हत्यारं नाहीत. ती बाहेर वाटली गेली आहेत. वर एक झरोका. त्यातून आधी नुसतं आकाश दिसत होतं. मग धूळ आली. मग जमिनीतून एक आवाज यायला लागला, पुष्कळ पायांचा, न घाई करणारा.

जे मी लिहिलंच नव्हतं, ते आलं होतं.

प्रधानबाई दाराशी येऊन सांगून गेल्या, की कैद्याला एक अर्ज करता येतो. मंजूर होत नसतो, पण करता येतो. तोंडी चालेल, भाषा मात्र नीट हवी.

ताईचा आवाज फाटकाकडून येत होता. तिनं मागे हटायला नकार दिला होता. तिला सगळ्यांत पुढे मीच उभं केलं होतं.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून, अगदी जवळून, कुणीतरी मला हाक मारली. माझ्या खऱ्या नावानं. दबक्या आवाजात, आपल्या माणसाला मारतात तशी.

मी ओ दिली.

आता अर्ज.

माननीय प्रधान यांस. अर्जदार हा शत्रूपक्षाचा हेर असून त्याबद्दल त्याची तक्रार नाही. तथापि फाटकावर पहारा देणाऱ्या बाईंना, आमचे सैन्य आत येण्यापूर्वी, मागच्या खोलीत हलविण्यात यावे. आमच्याकडे कैदी ठेवण्याची पद्धत नाही. सदर बाईंना एक लहान मुलगी असून तिचे नाव आज दुपारपर्यंत अर्जदारास ठाऊक होते. तरी या बाबीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून उचित आदेश तातडीने देण्यात यावेत, ही नम्र विनंती.