तळणीचा वास

टेबलावर सात वाट्या होत्या. उकडलेलं गाजर, उकडलेला कोबी, बीट, पालकाचं पाणी, सफरचंदाच्या फोडी, बिनमिठाचं सूप आणि द्राक्षं. सहा वाट्या जशाच्या तशा होत्या; सातवीतली दोन द्राक्षं बाबांनी कशीबशी गिळली होती. कढई धाकट्यानं आठवड्यापूर्वीच भंगारात दिली होती.

“हे सगळं तुझ्या त्या कढईनं केलंय, ताई!” धाकटा कडाडला. “दर रविवारी मी येतो तेव्हा घरात तेल उकळत असतं! ज्या माणसानं माझ्या जन्माच्या दिवशी सिगारेटचं पाकीट फेकून दिलं, त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर व्हावा? तुझ्या हातचं खाऊन?”

थोरलीच्या ओठांपर्यंत शब्द आले... पण पलंगावरून बाबांचे केविलवाणे डोळे तिच्याकडे बघत होते. तिनं शब्द गिळले, वाट्या उचलल्या आणि ती ओट्यापाशी जाऊन एकटीच जेवली. लोकांचे कपडे उसवून पुन्हा मापात बसवणं हे तिचं काम; स्वतःचं आयुष्य मात्र तिनं कधीच उसवून पाहिलं नव्हतं.

पाकीट बाबांनी फेकलं होतं, हे खरंच होतं. पण आई गेल्यावर न्हाणीघराच्या खिडकीत ती निळी धुराची रेघ पुन्हा उमटली... “छोटूला सांगू नकोस गं,” ते गयावया करत म्हणाले होते, “त्याच्या मनातून उतरेन मी.” तेव्हापासून रविवारी कोपऱ्यावर धाकट्याची स्कूटर वाजली की थोरली तापल्या तेलात बटाटे सोडी आणि तळणीच्या वासाखाली सिगारेटचा वास दडपून टाकी. उरलेले सहा दिवस घरात साधी भाजीच शिजे. पण ते सहा दिवस पाहायला होतं कोण!

फळं-भाज्या खाणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कमी दिसतो, असं धाकट्यानं कुठंसं वाचलं होतं. जे आजार होण्याआधी खायचं, ते तो भाबडा जीव आता औषध म्हणून भरवत होता... आणि बाबा दिवसेंदिवस झिजत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्याकडे पाहून मान हलवली. “अठ्ठेचाळीस. आणखी घसरलं तर पुढचा डोस थांबवावा लागेल. खायला काय देता?”

धाकट्यानं अभिमानानं सगळं सांगितलं.

“अहो, हा तर सशाचा आहार झाला! यांना अंडी द्या, लोणी द्या.”

“पण कॅन्सर झाला तो तळलेल्यानंच ना?”

“आहाराचा संबंध अभ्यासांत दिसतो, पण सगळ्या प्रकारांत सारखा नाही. काही अभ्यासांत फळं-भाज्यांचा फायदा सिगारेट ओढणाऱ्यांत, त्यातही या कॅन्सरच्या स्क्वॅमस नावाच्या प्रकारात जास्त दिसला. यांचा प्रकार स्मॉल सेल. न ओढणाऱ्याला तो क्वचितच होतो.” त्या बाबांकडे वळल्या. “दिवसाला किती?”

“यांनी तर कधीच सोडली!” धाकटा हसून म्हणाला.

“तळणं माझंच...” थोरली घाईघाईनं बोलू लागली. “चूक माझीच आहे, डॉक्टर...”

“पुरे, पोरी!” बाबांनी तिला थांबवलं. “किती दिवस माझा धूर स्वतःच्या अंगावर घेशील? दहा, डॉक्टर. दिवसाला दहा... हे दुखणं कळेपर्यंत.”

धाकटा थोरलीकडे वळला. स्कूटर, जिना, दार... आणि दारात पाऊल टाकताच तेलाचं चर्रर्र! सारे रविवार एकाएकी त्याच्या डोळ्यांपुढे उलगडले.

“ताई... ते बटाटे... वासासाठी?”

तिनं मान खाली घातली.

“मी तुला काय काय बोललो! आणि तू एका शब्दानंही...”

“तुझे बाबा तुझ्या मनात तसेच राहू देत म्हटलं रे, छोट्या,” ती हुंदका आवरत म्हणाली. “मला तशीही बोलणी खायची सवय झालीय.”

त्यानं भर दवाखान्यात तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा रडला. बाबांनी दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. “बिचारे बटाटे,” ते पुटपुटले, “उगाच बदनाम झाले!”

त्या संध्याकाळी धाकट्यानं नवी कढई आणली. ताईच्या शेजारी ओट्यापाशी उभं राहून त्यानं लोण्यात अंडी परतली, थोडी करपवलीही. कित्येक वर्षांनी टेबलावर तीन ताटं मांडली गेली. बाबांनी वाटी पुढे केली. “आणखी आहे का गं?”

पुढच्या सोमवारी बाबा वजनकाट्यावर चढले. दोघं भावंडं काट्यावर वाकली.

अठ्ठेचाळीस किलो, चारशे ग्रॅम.