दुपारचा फोन

ही सांगोवांगीची गोष्ट नाही. माझ्या घरात, माझ्या आईच्या बाबतीत घडलेली आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. माझ्यावर वेळ आली नसती तर मीही हसलेच असते.

मंगळवार होता. अमावास्या नाही, मध्यरात्र नाही, वादळवारं नाही. बाहेर चांगलं ऊन होतं आणि खाली पोरं खेळत होती. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आई आणि मी, दोघीच.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, आम्ही कवळ्या बनवून देतो. दिवसभर हात प्लास्टरने आणि मेणाने माखलेले असतात. त्यामुळे दुपारी मी कुणाला फोन करत नाही.

कधीच नाही.

आईला फारसं दिसत नाही. एक डोळा गेलाच आहे, दुसऱ्याने नुसत्या सावल्या दिसतात. माणसं ती आवाजावरून ओळखते. मोबाइल तिच्या काही कामाचा नाही, गुळगुळीत काचेवर बोटाला काय कळणार? तिला आमचा जुना बटणांचा फोनच लागतो. त्यातल्या पाचाच्या बटणावर बारीकसा उंचवटा आहे. तो सापडला की बाकीचे आकडे ती बरोबर शोधते.

मध्यंतरी आमच्या भागातल्या फोनच्या वायरीच बंद झाल्या. आई हवालदिल झाली. मग माझ्या मोठ्या भावाने, दादाने, एक राउटर आणून दिला. सिमकार्डावर चालणारा. घरात नेट येतं, आणि मागच्या बाजूला जुन्या फोनची वायर खोचली की त्यावरून फोनही लागतो. आईने दोन दिवस त्या डब्याला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी तिच्या मावसबहिणीला फोन लागला आणि डबा घरचा जावई झाला. त्याला कुणी हात लावायचा नाही, त्याच्यावर कपडा ठेवायचा नाही.

त्या मंगळवारी लॅबचं नेट बंद पडलं. एका डॉक्टरांना कवळीचे फोटो तातडीने पाठवायचे होते. मी जेवायच्या सुट्टीत घरी आले. आई झोपली होती. मी डब्याच्या वायरी काढल्या, तो पिशवीत टाकला आणि हलकेच बाहेर पडले. दार ओढून घेतलं. आमचं लॅच आपोआप बसतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, अक्कल कुठे गेली होती? पण माझ्या डोक्यात डबा म्हणजे नेट, आणि फोन म्हणजे फोन. फोन तर आईच्या उशाशीच होता! तो या डब्याशिवाय मुका आहे, हे डोक्यातच आलं नाही.

आलं ते थेट संध्याकाळी. काम संपवून डबा आवरताना मागचं ते वायरीचं रिकामं भोक दिसलं.

म्हणजे आई दुपारपासून एकटी होती, आणि पडली-झडली तरी तिला कुणाला कळवता आलं नसतं. मी हातसुद्धा धुतले नाहीत, तशीच पळत सुटले.

तिसऱ्या मजल्यावर आले आणि थबकले.

आमचं दार सताड उघडं होतं.

आई काही झालं तरी कुणाला दार उघडणार नाही. दूधवाला ओरडून ओरडून थकतो. मी आत धावले. आई दारासमोर खुर्ची टाकून बसली होती. केस विंचरलेले, तोंड धुतलेलं. चांगली हसत होती.

"आलीस? किती उशीर केलास गं."

दार उघडं का, म्हणून मी विचारलं. माझा आवाज चढलाच होता.

"तूच तर सांगितलंस. मघाशी फोनवर."

मी म्हणाले, आई, मी फोन केला नाही. तिला ती गंमत वाटली.

"कर चेष्टा म्हातारीची. रोज दुपारी करतेस तसाच केलास की."

रोज...

मी तिच्या शेजारी जमिनीवरच बसले आणि एक एक करून सगळं काढून घेतलं. डबा आला त्याच आठवड्यापासून दुपारी फोन येत होता. मी विचारायचे म्हणे, डोळ्यात औषध घातलंस का, जेवलीस का. तिच्या लहानपणच्या गोष्टी ऐकून घ्यायचे. मध्येच तोडायचे नाही. आईला फार बरं वाटायचं. संध्याकाळी मी दमून येते, म्हणून ती तो विषय काढायची नाही.

आणि आज मी म्हणाले होते, "आई, दार उघडं ठेव. माझे हात भरलेले असतील."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. प्लास्टर वाळून भेगाळलं होतं.

मी उठले. दार लावलं. कडी घातली, साखळी घातली. पिशवीत हात घालून पाहिलं. डबा पिशवीतच होता, थंडगार. फोनची वायर टेबलावरून खाली लोंबत होती. तिचं टोक कशातही नव्हतं.

आणि...

फोन वाजला.

आईचा हात सवयीने पुढे गेला. मी तिच्याआधी तो उचलला. का उचलला, देव जाणे. आधी काहीच ऐकू येईना. मग चपलांचा आवाज आला. जिना चढल्यासारखा. एक मजला... दुसरा... तिसरा... मग आवाज थांबला. कुणीतरी दमून श्वास घेत होतं.

मग ती बोलली. माझ्याच आवाजात. मी दमून घरी आल्यावर बोलते, अगदी तशी.

"आई, दार का लावलंस?"

माझ्या हातातून फोन सुटला. मी आईला मिठी मारली आणि तिच्या तोंडावर हात ठेवला, कारण ती "कोण गं?" म्हणून विचारायला लागली होती. आम्ही दाराकडे तोंड करून बसून राहिलो. कुणी दार वाजवलं नाही. कडी हलली नाही. ते जास्त वाईट होतं.

मी मोबाइलवरून दादाला बोलावलं. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तो आला तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं. त्याच संध्याकाळी तो आईला घेऊन गेला. आईने हट्टाने जुना फोनही बरोबर नेला. चालू नसला तरी असू दे म्हणाली, हाताला सवय आहे. डबा आम्ही फेकून दिला.

मला वाटलं, सुटलो.

पंधरा दिवसांनी दादाचा फोन आला. जरा वैतागला होता. आई सकाळपासून बॅग भरून बसली आहे, न्यायला कधी येतेस, म्हणून विचारत होता. मी म्हणाले, मी येणार असं कुणी सांगितलं?

"आई म्हणते, काल दुपारी तुझा फोन आला होता."

"कुठल्या फोनवर?"

दादा म्हणाला, तिच्या उशाशी असतो त्या. पण तो कशालाच जोडलेला नाही.

मी त्याला म्हणाले, "दादा, आईला कुणाबरोबरही पाठवू नकोस."

"कुणाबरोबर म्हणजे? तूच येशील ना."

"माझ्याबरोबरसुद्धा नाही. मी दारात उभी राहिले, रडले, पाया पडले, तरी दार उघडायचं नाही."

तो हसला नाही. बरं, एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून मी आईला भेटलेले नाही. फोनही करत नाही. माझा आवाज ऐकून ती दारापर्यंत येईल, आणि पुढच्या वेळी त्या आवाजात कोण असेल कुणास ठाऊक. तिला वाटतं, मी रुसले आहे. मला तिची इतकी आठवण येते की लॅबमध्ये मेण तापवता तापवता डोळे भरून येतात.

दादा म्हणतो, हल्ली दुपार झाली की आई तोंड धुते, केस विंचरते आणि दाराजवळच्या खुर्चीत माझी वाट बघत बसते.